फिर्मिनच्या कार्डावरची उरलेली जागा

"दोन जीबीचं कार्ड मिळेल का?" लुटगार्टने विचारलं. कॅमेऱ्यांच्या दुकानातल्या रिकने चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने घोडागाडीचं चाक मागितलं.

"दोन? बाई, दोन जीबीचं शेवटचं कार्ड मी विकलं तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते."

"मग चार?"

"चार कसलं घेऊन बसलात! हे बघा, चौसष्ट. हे एकशे अठ्ठावीस. हे तर वेगाने इतकं पुढे आहे की तुम्ही बटण दाबायच्या आत फोटो आत जाऊन बसलेला असतो."

"माझी कबुतरं हातात धरलेली असतात," लुटगार्ट म्हणाली. "वेग कशाला लागतोय?"

मी मागे स्टुलावर बसून हे ऐकत होतो. बाहेर भुरभुर चालू होती, माझे गुडघे ठणकत होते, आणि तिल्टच्या चौकात गाडी फक्त अर्धा तास उभी करू देतात. त्यातली वीस मिनिटं ह्या बाईने एका नखाएवढ्या वस्तूवर घालवली होती.

लुटगार्ट ही माझ्या थोरल्या भावाची, नॉर्बर्टची बायको. वय त्रेसष्ट. धंदा शर्यतीच्या कबुतरांचे फोटो काढण्याचा. हसू नका. एखाद्या कबुतराने बार्सिलोनाहून हजार किलोमीटर उडत येऊन नंबर काढला, की त्याच्या पिल्लांना जगाच्या दुसऱ्या टोकाहून मागणी येते, आणि तिकडचा माणूस पाखरू हातात घेऊ शकत नाही म्हणून फोटो बघतो. पायातली कडी, उभं अंग, उघडलेला पंख आणि डोळा. एकेका पाखराचे चार फोटो. त्यातला डोळा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या मते सगळं डोळ्यातच लिहिलेलं असतं. ते काय लिहिलेलं असतं ते मला आजवर वाचता आलेलं नाही.

पाखरू धरायला एक माणूस लागतो. आधी नॉर्बर्ट धरायचा. तो गेल्यावर मी धरू लागलो, त्याला अठरा वर्षं झाली. दोन्ही पाय पहिल्या दोन बोटांच्या फटीत, अंगठा पाठीवर, छाती तळहातावर. मी जन्मभर टपाल वाटलं, आता पाखरं धरतो. दोन्हीकडे आपलं असं काही नसतं, दुसऱ्याचं नीट पोचवायचं.

आता ते कार्डाचं. लुटगार्टचा एक नियम होता. एका ढाबळीला एक कार्ड. काम झालं की फोटो संगणकावर चढवायचे, पण कार्ड पुसायचं नाही. त्यावर कागदाची पट्टी चिकटवून मालकाचं नाव लिहायचं आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून द्यायचं. हा येडेपणा तिचा नव्हे, फिर्मिनचा.

फिर्मिन आमच्या गावचा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत तोंडाळ कबुतरवाला. नाकावर माशी बसू देत नसे. एकदा त्याने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आपली पाखरं बघायला मागितली, आणि पडद्यावर आधी शेजारच्या गावच्या कुणाचं तरी कबूतर आलं. झालं! "माझी पाखरं ह्या भाजीखाऊ कोंबड्यांबरोबर एका डब्यात?" असं म्हणून त्याने आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट कबुतरवाल्यांच्या क्लबात पसरली, आणि गंमत म्हणजे कुणी त्याला हसलं नाही. उलट एकेक जण लुटगार्टला बाजूला घेऊन विचारायला लागला, "माझी कुणाबरोबर ठेवलीयेस गं?" तेव्हापासून प्रत्येकाला वेगळं कार्ड. तिने घाऊक दोनशे घेऊन ठेवली होती, दोन जीबीची. ती इतकी वर्षं पुरली. ह्या वसंतात संपली.

"आपल्याला किती हवीत आता?" मी स्टुलावरून ओरडलो. "एकच काम राहिलंय ना?"

तेही खरंच होतं. लुटगार्टच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता आणि उजव्याचा भरवसा नव्हता. पाखराच्या डोळ्यातली रेष न् रेष टिपणाऱ्या बाईला आता आरशात स्वतःचा केस दिसेना. ओडिलचं काम झालं की बंद, असं तिने ठरवलं होतं. ते ठरवताना ती रडली वगैरे नाही. नुसती बसली, कॉफी गार होईपर्यंत.

"ओडिलसाठी हवंय," तिने रिकला सांगितलं. "त्याची सगळी ढाबळ चाललीये. तो म्हाताऱ्यांच्या निवासात जातोय."

रिकने चष्मा परत नाकावर घेतला. ओडिलला तोही ओळखत होता. "मग तर चांगलंच घ्या," तो म्हणाला आणि एकशे अठ्ठावीसचं कार्ड पुढे सरकवलं.

"घे ना," मी म्हणालो. "आयुष्यात एकदा म्हाताऱ्याच्या पाखरांचे फोटो निघतायत. फाटक्या पिशवीत नको भरू."

हे वाक्य माझं होतं, ते मी नाकारत नाही. लुटगार्टने कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं. तिच्या चेहऱ्यावर मला जो दिसला तो फक्त कंटाळा होता. वाद घालायचं त्राण नसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तो. "दे," ती म्हणाली.

ओडिलचं सांगायचं तर तो एकोणनव्वदचा, विधुर, गावाच्या टोकाला राहणारा. पाखरं फिर्मिनच्या तोडीस तोड. पण फोटो? नाव काढायची सोय नव्हती. फोटो काढलेलं पाखरू घरची वाट विसरतं अशी त्याची पक्की समजूत. लुटगार्टला त्याने दोनदा खराटा घेऊन अंगणातून हाकललं होतं.

आणि नशिबाची चेष्टा बघा. दोन हजार नऊ साली बार्सिलोनाच्या शर्यतीत आमच्या क्लबात फिर्मिनच्या काळ्या मादीचा पहिला नंबर आला आणि चार मिनिटांनी मागे ओडिलचा दुसरा. पहिल्याला बक्षीस सायकल. दुसऱ्याला फोटोंची चौकट, ती विजेवरची, कार्ड घातलं की एकामागून एक फोटो दाखवणारी. आमच्या अख्ख्या फ्लांडर्स प्रांतात फोटोंचा तिटकारा असलेला एकच माणूस, त्याला नेमकी तीच! खाली पितळी पट्टीवर त्याचं नाव कोरलेलं. फिर्मिन मग वर्षानुवर्षं दर रविवारी त्या सायकलवरून ओडिलच्या दारावरून घंटी वाजवत जायचा. ओडिलने चौकट भिंतीला टांगली, चालू केली, पण तिच्यात काही घातलं नाही. कारखान्याने आधीच भरून दिलेलं एक चित्र तिच्यात होतं, समुद्रकिनारा आणि ताडाची झाडं. चौदा-पंधरा वर्षं ओडिल सूप पिताना ती ताडाची झाडं बघत होता.

फिर्मिन दोन हिवाळ्यांपूर्वी गेला. घंटी थांबली. त्यानंतर ओडिल फार लवकर म्हातारा झाला, असं मला वाटतं. ढाबळीच्या शिडीवरून पडला, खुबा मोडला. भाचीने निवासात जागा बघितली. पाखरं विकायची ठरली. आणि मग त्याने स्वतः लुटगार्टला फोन केला. "तुझं ते यंत्र घेऊन ये."

"वाट विसरतील ना तुझी पाखरं?" लुटगार्टने विचारलं.

"आता विसरली तर बरंच," ओडिल म्हणाला. "ढाबळ पाडणारेत. घरी येऊन बसतील कुठे?"

तो दिवस मला आठवतो. ओडिल अंगणात उलट्या खोक्यावर बसलेला, कुबडी मांडीवर आडवी. मी एकेक पाखरू आणायचो आणि तो बघायच्या आधी कडीवरचा नंबर सांगायचा. तेवीस पाखरं, ब्याण्णव फोटो. "नीट धर रे हिलेर, ते पत्र नव्हे!" असं तो मला चार वेळा म्हणाला. लुटगार्ट भिंगाला डोळा लावून वाकलेली. दर पाखरामागे ती कंबर सरळ करायची, डोळे चोळायची, पुन्हा वाकायची. शेवटचं पाखरू झालं तेव्हा तिने कॅमेरा मांडीवर ठेवला आणि किती तरी वेळ उचललाच नाही.

"फोटो विकायला नकोत," ओडिल म्हणाला. "ते चौकटीत घाल. तिकडे खोलीत लावेन म्हणतो. कागदावरचं मला काही दिसत नाही, मागून उजेड लागतो."

एवढंच त्याचं मागणं. टोपल्या गाडीत चढल्या, नव्या मालकांनी पाखरं जन्मभर कोंडूनच ठेवायची, सोडली की ती परत इथेच येणार. ओडिल गाडीकडे बघत नव्हता. सवयीने वर आभाळाकडे बघत होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही कार्ड घेऊन निवासात गेलो. खोली स्वच्छ, पडदे पिवळे, चौकट पलंगासमोर टांगलेली. लुटगार्टने कार्ड आत सरकवलं. पडदा काळा झाला, मग त्यावर ओळ आली : कार्ड वाचता येत नाही. आणि मग समुद्रकिनारा, ताडाची झाडं.

तिने काढून परत घातलं. फुंकर मारून घातलं. मी घातलं. नर्सने घातलं. ताडाची झाडं.

ओडिलने खुर्ची जराशी फिरवली, इतकीच, आणि भिंतीकडे तोंड केलं. त्याने मला एखादी शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं.

बाहेर पडताना नर्सने लुटगार्टला थांबवलं. "आल्यापासून धड जेवत नाहीत हो. फोटो आले की जेवेन, असं कालपर्यंत म्हणत होते."

तिथून सरळ रिककडे. त्याने चौकटीचं वर्णन ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, ती जुनी! तिला दोन जीबीच्या वर काही कळतच नाही. आधी सांगायचं ना, कार्ड चौकटीत जाणारे म्हणून!"

"मी दोनच मागत होते," लुटगार्ट म्हणाली.

नाकापेक्षा मोती जड, आणि तो मोती घ्यायला लावणारा मी. मी खिडकीतल्या कॅमेऱ्यांकडे बघत राहिलो.

रिकने नवी चौकट दाखवली. ती कार्डावर चालत नाही, तिला फोन लागतो आणि इंटरनेट लागतं. ओडिलकडे ह्यातलं काहीच नाही, आणि असतं तरी त्याने पितळी पट्टीवाली सोडून दुसरी भिंतीला लावू दिली नसती. दोन जीबीचं कार्ड मागवता येईल, रिक म्हणाला, पण तीन आठवडे धरा.

"तीन आठवडे तो जेवला नाही तर?" लुटगार्टने विचारलं. रिकने कार्डाची मागणी लिहून घेतली.

घरी आल्यावर तिने बिस्किटांचा डबा टेबलावर पालथा केला. दोनशे कार्डं, दोनशे नावं. त्यांतले निम्मे आता आमच्या चर्चच्या मागच्या अंगणात झोपलेत. तिने एकेक कार्ड संगणकात घालून बघायला सुरुवात केली, कुठे जागा आहे का म्हणून. भरलेलं, भरलेलं, भरलेलं. म्हातारे वर्षानुवर्षं त्याच कार्डावर पाखरं टिपून घ्यायचे. मी कॉफी केली, ती प्यायली नाही. दुपार उलटली.

"हे रिकामं आहे जवळजवळ," ती शेवटी म्हणाली. आवाज नेहमीसारखा नव्हता. मी पट्टीवरचं नाव वाचलं. फिर्मिन.

तेही माझंच कर्तृत्व. वेगळं कार्ड मिळाल्यावर फिर्मिनच्या पाखरांचे फोटो काढताना दहाव्या पाखराला माझ्या हातून पंखाचं एक पीस दुमडलं. त्याने आम्हाला तिथल्या तिथे हाकललं, परत कधी बोलावलं नाही. कार्डावर अडतीस फोटो. बाकी सगळी जागा मोकळी.

"पुसून टाक," मी म्हणालो. "तो मेलाय. संगणकावर आहेतच ना त्याचे?"

"तो संगणक बंद पडून सहा वर्षं झाली. हे एवढेच."

तिने अडतीस फोटो निवडले. निळे चौकोन उमटले. बोट बटणावर ठेवलं. मी बघत होतो, ते बोट तिथेच थांबलं होतं.

"हिलेर, माझ्याच्याने नाही होत," ती म्हणाली. "जन्मभर ह्या लोकांची पाखरं सांभाळली. आता एकाची उडवून दुसऱ्याची बसवू? मला नाही येत ते. मी थकले."

"मग ओडिल?"

"ओडिलची पण ह्यावरच घालते. फिर्मिनच्या मागे."

"अगं, दोघांची एका कार्डावर? फिर्मिन थडग्यातून उठून येईल! आणि ओडिल कुबडी फेकून मारेल."

"मारू दे. निदान तेवढ्यासाठी उठेल तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्या पिवळ्या पडद्यांच्या खोलीत. टेबलावर लीकच्या पातीचं सूप तसंच पडलेलं, वर साय धरलेलं. ओडिल भिंतीकडे तोंड करून बसलेला. लुटगार्टने त्याच्याशी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "ओडिल, तुझी आहेत ह्यात. पण आधी दुसऱ्या कुणाची तरी येतील. मला दुसरं कार्ड मिळालं नाही. चूक माझी आहे."

"माझी," मी म्हणालो.

तिने कार्ड सरकवलं. पडदा काळा झाला. मी ताडाच्या झाडांची वाट बघत होतो. मग पडद्यावर एक कडी आली, पायातली. मग उभं अंग, काळंभोर. मग पंख. मग डोळा, अख्खी चौकट भरून, तांबूस, कडेला पिवळट रेघा.

ओडिलने खुर्ची फिरवली. तो पुढे वाकला, इतका, की मी त्याला धरायला हात पुढे केला.

"ही तर काळी," तो म्हणाला.

पडद्यावर पुढची कडी आली.

"बार्सिलोनाची काळी. फिर्मिनची." त्याने लुटगार्टकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे इथे पण तो हलकट माझ्या पुढे?"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. फिर्मिनची मेल्यावरही गेली नाही. मी कुबडीवर नजर ठेवून होतो. पण ओडिलने कुबडीला हात लावला नाही. तो एकेक पाखरू बघत होता आणि पुटपुटत होता, "ह्याचा पंख आखूडच... हा उगाच मिरवायचा... हिला माझ्याकडे मागितली होती मी, दिली नाही त्याने." दहाव्या पाखराशी पोचल्यावर म्हणाला, "ह्याचा पंख कुठाय?" मी खिडकीबाहेर बघितलं. मग ओडिलचं स्वतःचं पहिलं पाखरू आलं, आणि तो बोलायचा थांबला. ब्याण्णव फोटो संपेपर्यंत खोलीत कुणी हललं नाही. लुटगार्ट रडत होती. चांगल्या डोळ्यातून आणि वाईट डोळ्यातूनही.

त्या दुपारी तो जेवला. नर्सने फोन करून सांगितलं.

तीन आठवड्यांनी रिककडे दोन जीबीचं कोरं कार्ड आलं. लुटगार्टने त्यावर ओडिलचे ब्याण्णव फोटो चढवले, फक्त त्याचेच, कागदाची पट्टी चिकटवली, सुबक अक्षरात नाव लिहिलं. तिचं हे शेवटचं काम. दुसऱ्या आठवड्यात डोळ्याची शस्त्रक्रिया होती, कॅमेरा तिने कपाटात ठेवून दिला होता. तिला हे नीट पुरं करायचं होतं, नियमाप्रमाणे.

आम्ही गेलो तेव्हा ओडिल चौकटीसमोर खुर्ची ओढून बसला होता. अंगणात शर्यतीच्या दिवशी बसायचा तसाच, पाय पसरून, मनगटावरचं घड्याळ वर करून. पडद्यावर फिर्मिनची पाखरं चालली होती.

"तुझं कार्ड आलं, ओडिल," लुटगार्ट म्हणाली. "ह्यात फक्त तुझीच आहेत. फिर्मिनचं मी परत डब्यात ठेवते."

त्याने कार्डाकडे बघितलंही नाही. "मग मी वाट कुणाची बघू?"

"म्हणजे?"

"त्याची सगळी यायला सहा मिनिटं वीस सेकंद लागतात. मग माझी." तो घड्याळावर बोट आपटत म्हणाला. "एकट्याची शर्यत असते का गं कुठे?"

लुटगार्ट काही तरी बोलायला गेली. मीही. ओडिलने हात वर केला.

"गप्प बसा जरा दोघं," तो म्हणाला. "आता माझी येतील."